पाच भिंतींचा हिशोब

ताउनो केतोलाने चाळीस वर्षांत एकशे चौदा घरांना साइडिंग चढवली, आणि त्यातल्या एकाही घराला माल कमी पडला नाही की उरलेला पत्रा कुणाच्या अंगणात गंजत पडला नाही. उत्तर मिनेसोटातल्या त्या खाणींच्या गावात साइडिंग म्हणजे लाकडी घराच्या अंगावरचा कोट. थंडी शून्याखाली तीस-चाळीस उतरते तिथं कोट फाटका असून भागत नाही. ताउनोची रीत ठरलेली होती. घराभोवती एक चक्कर मारायची, कानामागची चपटी पेन्सिल काढायची आणि हाताला लागेल त्या फळीच्या तुकड्यावर आकडा लिहून मालकाच्या हातात द्यायचा. "केतोलाने लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं वखारीतले लोक म्हणायचे.

त्याचं स्वतःचं घर मात्र राहूनच गेलं होतं. खाण कंपनीने सत्तर वर्षांपूर्वी बांधलेलं दीड मजली घर. देवदाराच्या फळ्या, त्यांच्यावर रंगाचे अकरा हात, आणि आता रंग माशाच्या खवल्यांसारखा उडत चाललेला. शहाण्णव सालच्या जानेवारीत उत्तरेकडच्या खोलीत भिंतीतल्या खिळ्यांच्या डोक्यांवर आतून बर्फ धरलं, आणि एका सकाळी एल्माच्या उशीचा अभ्रा भिंतीला चिकटला. तो सोडवताना टर्रकन फाटला.

"ताउनो," एल्मा अभ्रा हातात धरून म्हणाली, "हे घर ठेवायचं असेल तर यंदा त्याला कोट घाल. नाहीतर मी चालले दुलुथला कार्लीनकडे. तू बस इथं अस्वलासारखा."

कार्लीन ही त्यांची एकुलती एक मुलगी. ताउनो हसला. पण त्यानेही मनाशी ठरवलं. गावच्या पतपेढीत नऊ हजार डॉलर याच कामासाठी बाजूला पडून होते. गुडघे गेल्यामुळे आता शिडीवर चढणं त्याच्याच्याने होणार नव्हतं, म्हणून काम रॉजर ब्योर्कला द्यायचं ठरलं. रॉजर पंचवीस वर्षांपूर्वी ताउनोच्या हाताखाली शिकलेला. आता त्याचीच चार माणसांची टोळी होती, पण बोलताना अजून 'उस्ताद' म्हणायचा.

"माप तुम्हीच काढा, उस्ताद," रॉजर म्हणाला होता. "तुमच्या घराला मी टेप लावायची म्हणजे पाद्र्याला बायबल शिकवण्यातला प्रकार. फक्त एक मार्चच्या आत आकडा द्या. त्यानंतर वखारवाला पत्र्याचा भाव वाढवणार आहे."

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, न्याहारी झाल्यावर, ताउनो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसला. साइडिंग मोजतात ती स्क्वेअरमध्ये, शंभर चौरस फुटांचा एक. भिंतीची लांबी गुणिले उंची, वरच्या त्रिकोणाचं अर्धं, त्यातून खिडक्या-दारं वजा, मग कापण्यात वाया जाणारं शेकडा दहा वर. हे गणित तो झोपेतसुद्धा करू शकला असता. जुन्या फळ्या काढायच्या, त्यांच्या जागी दोन इंची फोम लावायचा, त्याच्यावर पोलादी पत्रा. तळघरापासून छपरापर्यंत एकही फट ठेवायची नाही, असा त्याचा बेत होता.

त्या दिवशी आकडा आला एकवीस.

जरा जास्त वाटला. पण सकाळपासून डोक्याला पट्टा आवळल्यासारखं होत होतं, म्हणून त्याने वही मिटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडला तर तेरा आला. तिसऱ्या दिवशी तो हिशोब करायला नाही, चूक शोधायला बसला. ती शोधता शोधता पानाच्या खालच्या अंगाला आला आणि तिथंच थबकला.

उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. त्यांच्याखाली आणखी एक ओळ होती. लांबी अठ्ठावीस, उंची बारा. पुढे दिशा नव्हती. नुसतं 'भिंत' असं लिहिलं होतं. अक्षर त्याचंच होतं, वळणदार आणि खोल दाबून लिहिलेलं.

त्याच्या घराला पाच भिंती होत्या.

त्याने मान वर करून एल्माकडे पाहिलं. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून निसूचं, त्यांच्या फिनिश गोड पावाचं, पीठ मळत होती, वेलदोड्याचा वास सुटला होता. त्याने पान हलकेच फाडलं आणि घडी करून खिशात घातलं. 

*

वेइक्कोचं सुरू झालं ते आकड्यांपासूनच.

वेइक्को हा ताउनोचा थोरला भाऊ. खाणीत हजेरी मांडायचा. तीनशे माणसांचे तास त्याच्या डोक्यात असायचे. एके दिवशी त्याने एकाच माणसाचा पगार तीनदा लिहिला आणि सगळे हसले. पुढच्या हिवाळ्यात तो नुसत्या मोज्यांवर रस्त्यावर सापडला. शेवटी वृद्धाश्रमात ताउनो त्याच्या उशाशी बसलेला असताना त्याने अदबीने विचारलं होतं, "साहेब, बस किती वाजता येते?" ताउनोने घड्याळात बघून सांगितलं होतं, "येईलच आता." मग बाहेर येऊन गाडीत बसून तो ढसाढसा रडला होता.

वेइक्को तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. ताउनोला येत्या एप्रिलमध्ये एकोणसत्तर लागायचं होतं.

त्या दिवसापासून त्याने लपवायला सुरुवात केली. वही तो बाकाखालच्या खणात ठेवू लागला. एल्माने विचारलं, "किती झाले रे?" की तो म्हणे, "करतोय. घाईचं काम नाही ते." बाहेर शून्याखाली वीस असताना, गुडघाभर बर्फातून तो टेप घेऊन घराभोवती फिरला. आणि नवल म्हणजे तिथं, बोटं बधिर होत असताना, डोकं लख्ख झालं. उत्तरेची भिंत, पश्चिमेची भिंत, सगळं धडाधड मनात बसलं. सोळा. सोळाच. त्याने फळीच्या तुकड्यावर लिहिलं, आणि जीव भांड्यात पडला. घरात येऊन कॉफी घेतली, तळघरातल्या गॅसच्या भट्टीची ऊब वर येते त्या झरोक्याशी पाय शेकले, जेवला, जरा लवंडला. उठला तेव्हा फळी उशाशी होती, त्यावर 'सोळा' लिहिलं होतं, आणि सोळा काय हे त्याला काही केल्या आठवेना.

वखारीत गेला तेव्हाही तसंच. काउंटरवरचा माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी फोमचा हिशोब यंत्रावर करत होता. यंत्राच्या आधी ताउनोने तोंडी सांगून टाकला. "अजून आहे हं उस्तादांच्यात दम," माणूस म्हणाला. ताउनो शीळ घालत घरी आला. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसल्यावर आपण दुपारी जेवलो होतो की नाही ते त्याला सांगता येईना.

वेइक्कोचंही असंच होतं, त्याने स्वतःला बजावलं. चांगले दिवस आणि वाईट दिवस. चांगल्या दिवसांनीच तर माणूस फसतो.

एल्माचंही काही ठीक नव्हतं. सकाळी उठायची तीच मळमळत. अकराला जरा म्हणून आडवी व्हायची ती दोनपर्यंत उठत नसे. एकदा तिने पास्ट्या, मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, भरून ओव्हनमध्ये ठेवल्या आणि ओव्हन पेटवलाच नाही. तासभर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली होती. "म्हातारे, कच्च्याच खायच्या का?" ताउनो हसून म्हणाला. पण त्या हसण्यात एक सुटका होती, बरं झालं, मी एकटाच नाही. ती सुटका ध्यानात आली तशी त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या रात्री तो तिच्याशी धड बोलला नाही.

वीस तारखेला त्याने रॉजरला फोन लावला. समोर वही होती. त्याने पुन्हा पुन्हा बेरीज केली होती, प्रत्येक आकड्याखाली रेघ मारली होती.

"एकतीस," तो म्हणाला.

 पलीकडे रॉजर हसला. "एकतीस? उस्ताद, तुमचं घर आहे की गावातली शाळा?"

ताउनोही हसला. "गंमत केली रे. बघत होतो, जागा आहेस का."

"बापरे, मला वाटलं..." रॉजर थांबला. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "उस्ताद, मीच येऊन जाऊ का एकदा टेप घेऊन? सहज. एल्मावहिनींच्या हातची कॉफीही होईल."

"माझ्या घराचं माप तू घेणार?" ताउनो ओरडला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण रॉजरवर पंचवीस वर्षांत कधी ओरडलो नव्हतो. मऊ आवाजात तर रॉजर त्याच्याशी कधीच बोलला नव्हता. असं लोक वेइक्कोशी बोलायचे.

*

कार्लीनचा फोन दर रविवारी यायचा. त्या रविवारी तिने एक नवीन गोष्ट काढली.

"बाबा, गॅस कंपनीकडून माणूस येऊन घर तपासून जातो, फुकट. दाराला मोठा पंखा लावून बघतात, वारा कुठून शिरतो ते. त्यांचा कागद मिळाला की साइडिंगखालच्या फोमला सहाशे डॉलर सूट आहे."

"मला घर कुठं गळतं ते सांगायला माणूस लागतो का?"

"सहाशे डॉलर बाबा! आईशी बोलले मी. तिने गुरुवारची वेळ घेतलीय."

ताउनोने एल्माकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

सोमवार, मंगळवार, बुधवार तो धास्तीतच राहिला. परका माणूस येणार. वही घेऊन समोर बसणार. विचारणार, भिंती किती, लांबी किती, छत कधी घातलं, भट्टी किती जुनी. आणि आपण उत्तर शोधत राहू, तसा तो बघत राहील. मग गावभर होईल. वखारीत होईल. कार्लीन दुलुथहून येईल, कुठल्या तरी डॉक्टरकडे नेईल, डॉक्टर विचारेल आज वार कोणता, अध्यक्ष कोण. त्याने स्वतःशी वार घोकायला सुरुवात केली. सावनात, फिनिश लोकांच्या त्या वाफेच्या न्हाणीत, एकटाच बसला तेव्हा त्याने मोठ्याने म्हटलं, "बुधवार, अठ्ठावीस फेब्रुवारी." तिथंही डोकं स्वच्छ होतं. अंगणातल्या त्या लहानशा लाकडी खोलीत बसून त्याला वाटलं, इथून परत आत जाऊच नये. का वाटलं ते कळलं नाही. त्याला वाटलं, आपण घाबरट झालो.

गुरुवारी पहाटे पारा शून्याखाली अठ्ठावीसवर होता. भट्टी थांबायचं नाव घेत नव्हती. एल्मा न्याहारीला उठलीच नाही. "डोकं फुटतंय," ती पांघरुणातून म्हणाली. "त्या माणसाला तूच दाखव घर." ताउनोचंही डोकं ठणकत होतं, पायांत शिसं भरल्यासारखं वाटत होतं. तरी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फळीवर बघून तळहातावर पेनने 'सोळा' लिहून ठेवलं.

दहाला दार वाजलं. माणूस नव्हताच, पन्नाशीच्या आसपासची एक ठेंगणी बाई होती, हातात दोन पेट्या. "डोना स्कुबिक," ती बूट झटकत म्हणाली. "गॅस कंपनीने पाठवलंय. अरे देवा, काय थंडी आहे! तुम्ही केतोला ना? माझ्या वडिलांच्या घराला साइडिंग तुम्हीच लावलीत, सदुसष्ट साली. अजून टकाटक आहे."

ताउनोला ते घर आठवलं नाही. त्याने मान हलवली.

ती टेबलाशी बसली, कागद काढला. "बाहेरच्या भिंतींचं क्षेत्रफळ? अंदाजे सांगा. तुम्ही तर तोंडी सांगाल."

ताउनोने तळहात टेबलाखाली उघडला. घामाने शाई पसरली होती. एक निळा डाग, बस्स. त्याने भिंती मोजायला सुरुवात केली, मनात. उत्तर. मग... उत्तर. तो घराच्या कोपऱ्यावर उभा होता आणि कोपऱ्याच्या पलीकडे काही नव्हतं.  बाई त्याच्याकडे बघत होती.

"असू दे," ती म्हणाली. "मी मोजते नंतर. आधी हे लावू." तिने पेटीतून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र काढलं आणि चालू केलं.

ते वाजू लागलं.

तिने कपाळाला आठी घालून बटण दाबलं. बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा वाजलं. "बिघडलंय वाटतं," ती पुटपुटली आणि तशीच उठून, कोट न घालता, अंगणात गेली. ताउनोने खिडकीतून पाहिलं. ती बर्फात उभी राहून, आता गप्प झालेल्या यंत्राकडे बघत होती. मग धावत आत आली. यंत्र आत आल्याबरोबर किंचाळायला लागलं.

तिचा चेहरा पार बदलला होता.

"घरात आणखी कोण आहे?"

"एल्मा. माझी बायको. वर झोपलीय."

"किती वेळापासून?"

ताउनोला सांगता येईना. 

"तुमच्या घरात विषारी वायू भरलाय," डोना म्हणाली. "कार्बन मोनॉक्साइड. भट्टीचा. त्याला वास नसतो. तुम्ही बाहेर व्हा, आत्ताच्या आत्ता. मी आणते त्यांना."

ताउनो बाहेर गेला नाही. कसा पोचला ते त्याला पुढेही कधी आठवलं नाही, पण तो जिन्यावर होता. त्याच्या मागून डोना. दर पायरीला गुडघा करकरत होता. एल्मा कुशीवर पडली होती, गाल लालबुंद, जणू नुकतीच सावनातून आलीय.

"एल्मा!"

तिने डोळे उघडले नाहीत. त्याने गदगदा हलवलं. तिचं डोकं उशीवरून घरंगळलं, तोंडातून अस्पष्टसा आवाज आला, आणि पुन्हा काही नाही.

"काखेत हात घाला," डोना ओरडली. "मी पाय धरते. श्वास रोखा शक्यतो."

जिना अरुंद होता. त्यानेच मागाहून नव्याने बांधलेला, जागा वाचावी म्हणून उभट केलेला. अर्ध्यावर ताउनोचे पाय गेले. तो पायरीवर बसला, एल्मा त्याच्या छातीवर, आणि डोळ्यांपुढे कडेकडेने काळोख येऊ लागला. त्या काळोखात तो स्वतःशी एकच गोष्ट म्हणत होता: ही उठली नाही तर मला मोजायला काहीच उरणार नाही. मग तो बसल्या बसल्याच पायरीपायरीने खाली घसरू लागला. तिला कवटाळून, ढुंगणावर आपटत, लहान मूल उतरतं तसा. डोनाने दार लाथेने उघडलं. थंडी तोंडावर फटकन बसली.

त्यांनी एल्माला डोनाच्या गाडीच्या मागच्या सीटवर घातलं. डोना शेजाऱ्यांकडे फोन करायला धावली. ताउनो एल्माचे पाय मांडीवर घेऊन चोळत राहिला. तिच्या पायांत मोजे नव्हते. तो फिनिश भाषेत तिला हाका मारत होता. आईच्या माघारी ती भाषा त्याने क्वचितच बोलली होती.

बंब आला, रुग्णवाहिका आली. कुणीतरी एल्माच्या तोंडाला मुखवटा लावला. मग कुणीतरी त्याच्याही.

*

एल्मा शुद्धीवर आली ती दुपारी तीनला. तोवर इस्पितळात त्यांच्या दोन खाटा शेजारी शेजारी लावल्या होत्या आणि दोघांच्या तोंडावर प्राणवायूचे मुखवटे होते. डोना अजून तिथंच होती. तिचे डोळे लाल झाले होते. बंबवाल्यांनी तळघर पाहिलं होतं, ते तिने हळूहळू सांगितलं.

भट्टीला हवा मिळावी म्हणून तळघराच्या भिंतीतून बाहेर काढलेला एक नळ असतो. त्यात जुन्या गोधडीचा बोळा घट्ट कोंबलेला होता. वर ताउनोने शरदात सगळ्या खिडक्यांना प्लास्टिक लावलं होतं, माळ्यावर कापूस भरला होता, फटी बुजवल्या होत्या. भट्टीला श्वास घ्यायला जागा राहिली नव्हती, म्हणून ती धुराड्यातला वायू उलटा घरात ओढत होती. रोज थोडा थोडा. आज थंडी फार म्हणून खूप.

"आणि त्यावर तुम्ही फोम आणि पत्रा चढवणार होतात," डोना म्हणाली. "एकही फट न ठेवता." 

"बोळा कुणी कोंबला?" दाराशी उभ्या बंबवाल्याने विचारलं. त्याला कागदावर लिहायचं होतं.

गोधडी एल्माची होती, हे ताउनोने ऐकताच ओळखलं. कपडे धुताना त्या नळातून येणाऱ्या गार वाऱ्याने तिचे पाय ठणकायचे.

"मी," तो मुखवटा बाजूला करून म्हणाला.

बंबवाला गेल्यावर एल्माने मान वळवली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "तूच कोंबलास. नोव्हेंबरात. मी म्हटलं पाय गारठतात, तर तू गेलास आणि वर येऊन म्हणालास, मस्त बसला बघ, जसा काही मापाने शिवलाय."

ताउनो तिच्याकडे बघत राहिला. त्याने तिला वाचवायला खोटं सांगितलं होतं, आणि ते खरं निघालं होतं. ती दुपार त्याच्या डोक्यात कुठंच नव्हती.

मग त्याच्याच्याने राहवेना. त्याने तिला सगळं सांगितलं. तेरा, एकवीस, एकतीस. पाच भिंती. वेइक्को. मुखवट्यातून आवाज घुमत होता, अधूनमधून त्याला थांबावं लागत होतं.

"ते पान मी पाहिलं होतं," एल्मा म्हणाली.

"कधी?"

"धुवायला पँट काढली तेव्हा खिशात होतं. दहा वेळा वाचलं. पाच भिंती. मला वाटलं, मलाच वाचता येत नाहीय. मलाच झालंय ते, वेइक्कोचं. ओव्हनचं तर तू बघितलंसच. मी कुणाला सांगितलं नाही. तुला तर मुळीच नाही. तुला साइडिंगची एवढी हौस, म्हटलं तेवढं होऊ दे आधी."

दोघं एकाच घरात, एकाच टेबलाशी, महिनाभर तीच भीती वेगवेगळी घेऊन बसले होते. ताउनोने खाटेवरून हात लांब केला. नळ्यांमुळे तो पोचला नाही, तेव्हा डोनाने उठून एल्माची खाट ढकलून जवळ सरकवली.

डॉक्टर संध्याकाळी आला. तरुण होता, गोलगोल बोलत नव्हता. "बरंचसं परत येईल," तो ताउनोला म्हणाला. "सगळं येईलच असं मी सांगत नाही. या वायूचा त्रास कधी कधी महिन्याभराने पुन्हा डोकं वर काढतो. आणि तुमच्या भावाचं जे होतं ते तुम्हाला होणारच नाही, हेही मला सांगता यायचं नाही. शरदात परत या."

बाहेर, दुलुथहून आलेली कार्लीन रॉजरशी बोलत होती. रॉजर बातमी कळताच कामाच्याच कपड्यांत आला होता. आत येऊन तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, टोपी हातात फिरवत.

"रॉजर," ताउनो म्हणाला, "टेप घेऊन ये. माझ्या घराचं माप घे."

"येतो, उस्ताद."

*

पैशांची सगळी घडी विस्कटली. नवी भट्टी, जी बाहेरची हवा स्वतःच्या नळाने घेते, धुराड्याला नवं अस्तर आणि हवा खेळती ठेवणारा पंखा, एवढ्यातच चार हजार आठशे गेले. रॉजरने वहीत मांडून दाखवलं. उरलेल्या पैशांत फोमसकट दोन भिंती निघत होत्या. कार्लीन म्हणाली, बाकीचे मी घालते. ताउनो नको म्हणाला. उत्तर आणि पश्चिम, जिकडून वारा येतो त्या दोन भिंती जूनमध्ये झाल्या. पूर्व आणि दक्षिण तशाच खवल्या उडवत राहिल्या. "केतोलाने अर्धाच कोट घातला," म्हणून गाव हसलं, आणि ते हसणं ताउनोला बरं वाटलं.

एप्रिलपर्यंत त्याचं गणित बरंचसं जागेवर आलं. एल्माच्या हाताला मात्र थोडा कंप राहिला.

ऑक्टोबरात पहिले हिमकण पडू लागले तरी नवी भट्टी कुणीच पेटवली नव्हती. दोघं स्वेटर चढवत गेली. आठवडा तसाच गेला. शेवटी एका दुपारी स्वयंपाकघरात श्वासाची वाफ दिसायला लागली, तेव्हा एल्मा म्हणाली, "लाव आता."

ताउनोने भिंतीवरची कळ फिरवली. तळघरात काहीतरी चुरचुरलं, मग धपकन पेटलं, आणि झरोक्यातून कोमट हवा यायला लागली. भिंतीवर वायू ओळखणारं नवं यंत्र होतं, हिरवा दिवा लागलेला, शांत. रॉजर दोनदा येऊन सगळं तपासून गेला होता. डोनाही एकदा आली होती. भिण्यासारखं काही नव्हतं.

तरीही दोघांनी कोट चढवले, बूट घातले, मागचं दार सताड उघडलं आणि त्या दाराशी दोन खुर्च्या टाकून बसले. बाहेरून बर्फाचा वारा आत येत होता, आतली ऊब बाहेर जात होती. एल्माने त्याचा हात घट्ट धरला होता.

"डोकं दुखतंय का तुझं?" तिने विचारलं.

ताउनोने जरा वेळ विचार केला. "नाही. तुझं?"

"नाही."

"मग लावू का दार?"

"बस अजून थोडा वेळ," एल्मा म्हणाली.